जुन्याची धून

मंगळवार, ४ फेब्रुवारी

प्रेसमधून एका जाडजूड ग्रंथाचा कोरा नमुना घरी आणला. पुस्तक बांधल्यावर किती जाड भरेल हे बघायला आधी असा एक बांधतात. आत एकही अक्षर नसतं. त्या ग्रंथाची मुद्रितं मीच तपासली होती, त्यामुळे अधिकाराने सांगते की कोरा नमुना जास्त वाचनीय आहे. आता त्यात मी लिहिणार. लोकांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. घरच्यांच्या फुकट काढते आणि वर वाईटपणाही घेते, तो आता कागदावर घेईन.

तर आजची चूक: धाकटीने बाबांच्या कॉम्प्युटरमध्ये नवं व्हर्जन घातलं.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर मालवाहू जहाजावर असतो, वर्षातला बराच काळ पाण्यात, म्हणून ती आमच्याकडे. नोकरी घरबसल्या. कानाला ते यंत्र अडकवायचं आणि दिवसभर अनोळखी माणसांना साखरेच्या पाकात घोळून सांगायचं, "सर, एकदा बंद करून परत चालू करून बघता का?" याचे पैसे मिळतात. मी हेच माझ्या नवऱ्याबद्दल इतकी वर्षं म्हणतेय, मला छदाम नाही.

बाबा म्हणजे सासरे. जन्मभर पुलांचे नकाशे काढले. सासूबाई गेल्या तेव्हा खुर्चीत बसून समोरच्या भिंतीच्या विटा मोजत राहायचे. एक दिवस मीच म्हटलं, "बाबा, चौकोनच मोजायचे तर कागदावर मोजा." त्यातून शब्दकोडं सुरू झालं. शब्द आणि चौकट त्यांची, शोधसूत्रं माझी. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत येतं आणि खाली बारीक अक्षरात छापतात: 'सासरे आणि सून'. लग्नाच्या दाखल्यावरसुद्धा माझं नाव इतकं शोभून दिसलं नव्हतं.

चौकटी बाबा त्या जुन्या कॉम्प्युटरवर काढतात. कचेरीने मोडीत काढला तेव्हा दोघे एकदमच निवृत्त झाले. त्यातला नकाशे काढायचा प्रोग्रॅम फक्त जुन्या व्हर्जनवर चालतो, म्हणून त्याला आजवर कोणी हात लावला नव्हता. आज धाकटीने लावला.

"जुनं काढलं नाही हं, वहिनी," ती म्हणाली. "दोन्ही राहतील. चालू केलं की यादी येते. वर नवं, खाली जुनं. बाणाने निवडायचं. काही केलं नाही तर थोडं थांबून आपोआप नवं सुरू होतं."

"काही केलं नाही तर आपोआप नवं," मी म्हटलं. "घराचंही तसंच चाललंय."

ती हसली. हिला टोमणा लागतच नाही. तव्यावर पाणी टाकावं आणि तव्यानेच 'थँक्यू' म्हणावं.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

गुरुवार म्हणजे शेवटच्या हाताचा दिवस. शोधसूत्रं मी प्रेसमधून पाठवते. संध्याकाळी बाबांच्या शेजारी स्टूल ओढून बसते, ते चौकट दाखवतात, मी आकडे आणि शब्द ताडून बघते, मग ते पेपरकडे धाडतात. सात वर्षांत एकही चूक गेलेली नाही.

आज घरी आले तर स्टुलावर धाकटी.

"झालं आमचं," बाबा म्हणाले. "पाठवूनसुद्धा दिलं. तू दमून येतेस, म्हटलं हिच्याकडून करून घेऊ."

मी दमून येते हा शोध सात वर्षांनी लागला!


रविवार, ९ फेब्रुवारी

या आठवड्याच्या कोड्यात मी मुद्दाम एक सुई टोचून ठेवली होती. बाबांच्या चौकटीत 'जाऊ' हा शब्द होता. माझं शोधसूत्र: 'मागून येऊन पुढे बसलेली (दोन अक्षरी)'.

सकाळी पेपर आला. पूर्वी बाबा तो दारातच पकडायचे आणि छपाईला शिव्या देत स्वतः वाचायचे. आज धाकटीपुढे सरकवला. "वाच गं जरा. तुझा आवाज चांगला आहे."

तिने वाचलं. माझ्या सुईपाशी आली. थांबली. मग खदखदून हसली. "जाऊ! वहिनी, मीच ना ही? कमाल करता बाई तुम्ही!" आणि उठून माझ्या गळ्यात पडली.

बाबाही हसत होते. मी अंडी उकडायला ठेवली होती, ती फुटली. निदान कोणाला तरी लागलं.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज लवकर सुटका झाली. जिन्यात प्रेसमधल्या बाईंशी फोनवर हळू आवाजात बोलत आले, अनवाणी. जोडा चावत होता म्हणून हातात घेतला होता. बाबांच्या खोलीचं दार बंद. आतून बायकी आवाज. माझी शोधसूत्रं वाचत होता.

पण कशी! सपाट, सर्दी झाल्यासारखी, नको तिथे थांबत. "नवऱ्याला न. सांगता खरेदी केल्यावर जे. वाढते ते." माझ्या वाक्याची अशी खांडोळी! एखाद्या मंद मुलाने पाठ म्हणावा तसं. आणि बाबा हसत होते. अगदी मोकळे. "पुन्हा वाच," म्हणाले. पुन्हा तेच सोंग.

म्हणजे दुपारी हा कार्यक्रम असतो. मोठीची, म्हणजे माझी, नक्कल.

मी जोडे जमिनीवर आपटले आणि पायात घातले. आतला आवाज कात्रीने कापल्यासारखा बंद झाला. थोड्या वेळाने आतून जुन्या व्हर्जनची धून आली. ती मी झोपेतही ओळखेन, जुन्या घड्याळाने टोले द्यायच्या आधी घसा खाकरावा तशी. नव्याची वेगळी आहे, पाण्यात खडा टाकल्यासारखी, एकदाच 'टुबुक'.

दार उघडलं तर बाबा खुर्चीत, समोर त्यांची चौकट. धाकटी खिडकीत उभी राहून फुलझाडाला पाणी घालत होती. त्या झाडाला मी सकाळीच घातलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हे.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

केस खांद्यापर्यंत कापले. नवऱ्याला कळायचा प्रश्नच नाही, तो वजनकाटे दुरुस्त करतो, केसांचं वजन पकडण्याइतका त्याचा काटा बारीक नाही. पण बाबा? पूर्वी नवीन टिकली लावली तरी म्हणायचे, "आज पूर्णविराम जरा मोठा दिलास." आज जेवताना समोर बसून काही नाही.

धाकटीने मात्र तीन वेळा सांगितलं, "वहिनी, कापल्यावर किती तरुण दिसताय." म्हणजे आधी काय दिसत होते ते कळलं.


बुधवार, १९ फेब्रुवारी

बाबांच्या मनात काहीतरी आहे. माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे असतं, पण नजर माझ्या कानावर. मी एकदा चाचपून बघितलं, कानातलं सुटलंय की काय. नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. ज्याला काही लपवायचं असतं तो नजरेला नजर देत नाही, हे मी प्रेसमध्ये लेखकांच्या बाबतीत रोज बघते.

पेपरही सोडला. "काय असतं हल्ली पेपरात?" म्हणे. आपलं कोडं असतं!

आणि नवीन थेर: चहा स्वतः ओतून घेतात, कपाच्या कडेला आत बोट धरून. चहा बोटाला लागला की थांबतात. आज चटका बसला तरी बोट काढलं नाही. मी म्हटलं, "बाबा, चहात बिस्किट बुडवतात, बोट नव्हे." पूर्वी याला तिथल्या तिथे परतफेड आली असती. आज नुसते हसले. धाकटी लगबगीने आली. "द्या बाबा, मी ओतते." लगेच कप तिच्या हातात.

मी टोचते, ती ओतते. कोणाकडे माणूस जाईल ते सांगायला वजनकाटेवाला नको.

एक मात्र आता नक्की झालंय. मी खालचं दार उघडून जिना चढायला लागले की, रोज, न चुकता, वरून ते जुनं घसा खाकरतं. दिवसभर नवं चालतं आणि माझी चाहूल लागली की बदलतात. माझ्यापासून लपवण्यासारखं त्या नव्यात काय ठेवलंय?


रविवार, २३ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. तो एका दुकानाचा काटा उघडून बसला होता.

"बाबा माझ्याशी पूर्वीसारखे नाहीत."

"कोणाशी आहेत?"

"तिच्याशी."

त्याने एक स्प्रिंग फुंकून साफ केली. "तू जरा कमी बोलून बघ. काट्यावर आधीच भार असला की नवीन माल तोलता येत नाही."

सात जन्म हाच नवरा मागितला नाही हे किती बरं केलं.


गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहिताना पेनाने कागद फाटला. रागाने. दुसऱ्या कशाने नाही.

चावणारे जोडे शेवटी टाकून दिले आणि रबरी तळाचे घेतले. मांजरासारखे पाय पडतात. खालचं दारही शेजाऱ्यांनी सामान चढवण्यासाठी उघडं टाकलेलं. वर आले तरी कोणाला पत्ता नाही. धून नाही, काही नाही. धाकटी बाहेर गेली असावी. बाबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं, ते पाठमोरे, पडद्यावर टपोरी अक्षरं, एकेक अक्षर कपाएवढं. मला वाटलं जाहिरात असेल काहीतरी.

मी दारात पाऊल टाकलं. मागे न वळता ते म्हणाले, "आलीस का गं? बरं झालं. चल, लवकर आटपू या. मोठी यायच्या आत."

मी तशीच मागे फिरले. जिना उतरून खाली गेले, कोपऱ्यापर्यंत चालत गेले, परत आले आणि दार असं आपटलं की शेजारी डोकावले. वरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

मोठी यायच्या आत. सात वर्षं मी यायची वाट बघून चहा थांबवणारा माणूस.


शुक्रवार, २८ फेब्रुवारी

प्रेसमधल्या जुळणीवाल्याला विचारलं. तो दिवसभर कॉम्प्युटरवर पानं लावतो आणि कोणी काही विचारलं की त्याला आनंद होतो, कारण तेवढा वेळ पानं लावावी लागत नाहीत.

"दोन व्हर्जन आहेत ना? सोपं आहे. सेटिंगमध्ये दोनच गोष्टी. आधी कोणतं सुरू व्हायचं आणि यादी किती सेकंद थांबायची. शून्य केलंत की यादी दिसतच नाही, सरळ आत."

"आणि जे निवडलं नाही ते?"

"ते असतं की. पडून राहतं एका कोपऱ्यात. पण ते आहे हे सांगणार कोण?"

मला तो कोपरा ओळखीचा वाटला.


सोमवार, ३ मार्च

दिराचं जहाज दूरच्या बंदराला लागलंय. धाकटी आज सकाळी त्याला भेटायला गेली. आठवडाभर नाही. जाताना बाबांजवळ किती वेळ कुजबुजली! "जमेल ना बाबा? नाहीतर वहिनींना सांगू का मी?"

"नको, नको. जमेल," बाबा म्हणाले.

मला काय सांगणार होती? सगळं माहीत आहे मला.

बाबा फिरायला गेल्यावर मी कॉम्प्युटर चालू केला. जुळणीवाल्याने सांगितलं तसं शोधून बदललं. आधी सुरू व्हायचं: जुनं. यादी थांबायची: शून्य. बंद करून परत चालू केलं. (धाकटीचंच वाक्य!) यादी आली नाही. सरळ घड्याळाने घसा खाकरला आणि ती जुनी निळी पाटी समोर आली.

मी काही मोडलं नाही. काही पुसलं नाही. घर होतं तसं केलं फक्त.

स्टूल पुसून बाबांच्या खुर्चीशेजारी ठेवलं.


गुरुवार, ६ मार्च

तीन दिवस बाबा कॉम्प्युटरला फिरकले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. सोमवारी रात्री जेवताना मात्र या आठवड्याचे सगळे शब्द आकड्यांसकट तोंडपाठ सांगितले. "लिहून घे, आडवा एक, आडवा पाच." चौकट डोळ्यांसमोर असल्यासारखे. कागद का देत नाहीत विचारलं तर म्हणाले, "स्मरणशक्तीला व्यायाम." एवढी ऐट कशाला? पण शब्द लिहून घेतले. शोधसूत्रं काल पाठवली. चांगली उतरली होती, सगळ्यांना नखं होती.

आज संध्याकाळी घरी आले. बाबा कॉम्प्युटरसमोर. मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. बोलवू देत.

बोलावलं. आपण होऊन उठून दारापर्यंत आले, चौकटीला हात धरून उभे राहिले आणि माझ्या कानाकडे बघत म्हणाले, "मोठे, तू एकदा बघतेस का? शेवटचा हात."

आठवडेच्या आठवडे मी याच वाक्याची वाट बघत होते. आणि तोंडातून काय गेलं?

"माझी काय गरज आहे बाबा? इतके दिवस कुठे पडली होती?"

त्यांनी चौकटीवरचा हात काढला. "तेही खरंच," म्हणाले. आत गेले. थोड्या वेळाने हाक मारून सांगितलं, "पाठवलं गं."

मी म्हटलं, "छान."

बटाट्यात मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने मुकाट्याने खाल्लं. आज त्याचा काटाही बिघडला होता की काय कोण जाणे.


रविवार, ९ मार्च

माझी शोधसूत्रं. आणि वर जानेवारीतली चौकट.

जुनी, एकदा छापून गेलेली चौकट! आकडे कुठले कुठे. आडवा पाचला घरं दोन आणि माझं सूत्र चार अक्षरांचं. उभ्या नऊचा पत्ताच नाही. खाली ऐटीत: 'सासरे आणि सून'.

सकाळपासून फोन. एक आजोबा म्हणाले, "बाई, मला वाटलं मलाच वेड लागलं." पुरवणीचा संपादक मात्र गोड बोलत होता, म्हणजे प्रकरण गंभीर. "होतं असं. वय झालं त्यांचं. पुढच्या वेळी असं झालं तर आपण तयार कोडी विकत घेऊ, हल्ली स्वस्त मिळतात. तुम्हालाही सुटका."

सुटका. रविवारी पेपर येईल आणि त्यात आम्ही दोघं नसू.

बाबांना पेपर दाखवला. त्यांनी हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, घडी केली. "चुकीची गेली होय? बरं."

बरं! एका अर्ध्या वेलांटीसाठी जुळणीवाल्याशी तासभर भांडायला लावणारा माणूस. तिच्याविना लक्षच लागत नाही वाटतं.


सोमवार, १० मार्च

अंगात कणकण होती म्हणून कामावर गेले नाही. पडून होते. मी घरात आहे हे बाबा विसरले असावेत.

त्यांच्या खोलीतून जुन्याची धून आली. मग बंद केल्याचा आवाज. मग परत धून. परत बंद. परत धून. मध्ये एकच कळ टकटक दाबल्याचा आवाज, पक्ष्याने चोच मारावी तसा, आणि मग तोच घसा खाकरणं. पुन्हा. पुन्हा.

मी उठून दारापर्यंत गेले. पडदा सुरू व्हायच्या आधी काळा होतो ना, तेवढ्या वेळात ते बाणाची कळ दाबत होते. नाक काचेला टेकायचंच बाकी होतं, मान वाकडी, एका बाजूने बघत, कोंबडी दाणा बघते तशी. यादी शोधत होते. निळी पाटी आली की हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. मग परत बंद.

मी हाक मारली नाही. कशी मारणार? परत येऊन पांघरूण डोक्यावरून घेतलं. तिथेही ऐकू येत होतं.

कणकण बहुधा खरी आहे.


बुधवार, १२ मार्च

धाकटी आली. बॅग दारात ठेवून आधी बाबांच्या खोलीत. बाबा फिरायला खाली गेलेले. धून ऐकू आली, मग ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर.

"वहिनी, यादी तुम्ही काढलीत?"

नाही म्हणता आलं असतं. "हो," म्हटलं.

वाटलं भांडेल. मनात उत्तरं रचून तयार होती, सात वर्षांचा साठा. ती खाली बसली आणि तिने कपाळाला हात लावला.

"मग आठवडाभर त्यांनी कसं केलं असेल हो?"

"काय कसं केलं?"

"वहिनी, बाबांना दिसत नाही."

गॅसवर दूध होतं. मी ते उतरवलं. एवढंच सुचलं.

समोरचं, मधलंच दिसत नाही. कडेने थोडं. तोंडाकडे बघितलं तर तोंडाच्या जागी राखाडी ठिपका. कानाकडे बघितलं तर तोंड जरा तरी कळतं. दिवाळखोरीत दुकान मिटावं तशी एकेक फळी मिटतेय. डॉक्टर झाले, थेंब झाले, इंजेक्शनं झाली. आहे तेवढं टिकवायचं. धाकटीला कळलं कारण ती दिवसभर घरी असते. एकदा तिने पाहिलं की पेपर उलटा धरलाय. म्हणून तिने नवं घातलं. त्यात अक्षरं हवी तेवढी मोठी होतात आणि त्यात एक बाई आहे, ती लिहिलेलं वाचून दाखवते. आपल्या भाषेत. जरा सर्दी झाल्यासारखं, नको तिथे थांबत.

"मग मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज नेहमीसारखा यायला हवा होता. आला नाही.

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाले, मोठीला कळलं तर ती कोडं बंद करेल. माझ्यावर दया करून. टोमणे मारते ते चालतं, पण तिने दया केली तर मी संपलो." धाकटी पदराशी... नाही, तिच्या बाहीच्या दोऱ्याशी खेळत होती. "जुनं त्यांना न बघता येतं. कुठली कळ कुठे, सगळं हाताला पाठ. म्हणून तुमचे जोडे जिन्यात वाजले की ते जुनं लावायचे. स्वतः. मला हात लावू द्यायचे नाहीत. तुम्ही आलात की जुन्याच चौकटीसमोर बसलेले दिसायला हवेत."

ज्याला मी कट समजून यादी काढली तो हा.

इथे प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलंय, तर लिहिते. आधी रडू आलं. ते पुसेपर्यंत तेच जुनं दुखणं परत उठलं, आणि या वेळी त्याचा नेमका पत्ता सापडला. तिच्यासमोर ते आंधळे होऊ शकतात. तिच्यासमोर चहा सांडू शकतात, अक्षर चुकू शकतात, विचारू शकतात. माझ्यासमोर त्यांना धडधाकट राहावं लागतं. मला वाटत होतं तिने माझी जागा घेतली. ती जागा माझी कधी नव्हतीच. माझ्या जिभेने तिथे आधीच फलक लावला होता, चुका करू नयेत.

"बाबांना सांगू का, वहिनींना कळलंय म्हणून?" धाकटीने विचारलं.

"सांगितलंस तर जहाजावर पाठवून देईन," मी म्हटलं. "डबा घासायला."

ती हसली. हिला टोमणा खरंच लागत नाही. कसं जमतं कोण जाणे.


गुरुवार, १३ मार्च

सकाळी बाबा अंघोळीला गेल्यावर दोघींनी मिळून यादी परत आणली. आधी नवं. थांबायची वेळ जास्तीत जास्त जेवढी देता येते तेवढी दिली. धाकटी म्हणाली, "इतकी कशाला?" मी म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला निवडायला वेळ हवा." कोणत्या म्हाताऱ्याबद्दल बोलले ते मलाही कळलं नाही.

संध्याकाळी रबरी जोडे प्रेसमध्येच ठेवले आणि एका बाईंचे टाचांचे उसने घेऊन घरी आले. खालचं दार दणकन लावलं. पहिल्या पायरीपासून टाच आपटत चढले. एका पायरीवर थांबून खोकले. वर खुर्ची सरकल्याचा आवाज. मग शांतता. मी मधल्या वळणावर भिंतीला टेकून उभी राहिले. शेजारच्या बाई कचरा घेऊन निघाल्या होत्या, त्यांनी विचारलं, "काय हो, दम लागला?"

"हो," म्हटलं. "वय."

वर घड्याळाने घसा खाकरला. मग मी चढले.

बाबा जुन्या चौकटीसमोर ताठ बसले होते. शेजारी स्टूल रिकामं.

"आलीस? बस. आज शेवटचा हात तुझाच. गेल्या वेळी बघ काय झालं तुझ्याविना."

"माझ्याविना नाही, माझ्यामुळे," मी म्हटलं. "मी फुगून बसले होते."

"सूत्रं तू वाच," ते म्हणाले. "मी चौकटीशी लावतो. तुझी नखं तुझ्याच आवाजात बरी लागतात."

मी वाचलं. योग्य ठिकाणी थांबत, योग्य ठिकाणी टोचत. त्यांची बोटं कळांवर फिरत होती आणि ते प्रत्येक घर न बघता सांगत होते, आडवा एक, बरोबर, उभा दोन, बरोबर. एका ठिकाणी पडद्यावर एक काळा चौकोन भलत्या जागी पडलेला दिसला. जीभ सवयीने वळवळली. तिला दातांखाली धरलं आणि म्हटलं, "बाबा, इथे माझंच सूत्र एका अक्षराने मोठं झालंय वाटतं. उभा नऊ परत बघू या?"

"उभा नऊ?" त्यांची बोटं थबकली, मग हळूच सरकली. "हं. आता बघ."

"आता बसलं."

कोडं गेलं. ते खुर्चीत मागे टेकले, माझ्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, "केस कापलेस की काय?"

महिना होत आला.

"आजच," मी म्हटलं. "जेवणाच्या सुट्टीत."

"वाटलंच. पूर्णविराम जरा आखूड दिसला." ते खुशीत हसले. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही."

"तुमच्यापुढे काही लपवायची सोयच नाही, बाबा."

स्वयंपाकघरात धाकटी बटाटे सोलत होती. मान वर केली नाही, पण खांदे हलत होते. केसांचं सांगणारी तीच, दुसरी कोण असणार! मनात परत एक बारीक कळ उठली. उठू दे. तेवढी मला हवीच आहे.

उसने जोडे उद्या परत द्यायचे. माझे जुने चावणारे कचऱ्यातून बचावलेत असं नवरा म्हणाला. काट्याचं वजन म्हणून वापरत होता. ते चांभाराकडे नेऊन टाचांना लोखंडी नाल ठोकून घेणार आहे. जुनं सुरू व्हायला फार वेळ लावतं.